तसं न्हवतं ते

अण्णांचे आमच्याकडे अकरा तास सतरा मिनिटांचे चित्रीकरण आहे. २०१९च्या नोव्हेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत, रविवारी सकाळचा चहा झाला की डोंबिवलीच्या घरातल्या वेताच्या खुर्चीत त्यांना बसवून मी ते मोबाइलवर केले. या अकरा तासांत माझी आई पडद्यावर चाळीसएक सेकंद दिसते, आणि तीही सबंध नाही. कधी चहाचा कप ठेवणारा हात आणि त्यातल्या बांगड्या, तर कधी खिडकी लावून घ्यायला वाकलेली पाठ. ऐकू मात्र ती सतत येते. भांडी लावल्याचा आवाज, कुकरच्या शिट्या आणि मधूनच, अण्णांचे वाक्य पुरे व्हायच्या आत, स्वयंपाकघरातून आलेले तीन शब्द: "तसं न्हवतं ते."

त्या वेळी मला या तीन शब्दांचा राग यायचा. अण्णांच्या सदऱ्याला लावलेला कॉलर माइक चांगला होता, नको इतका चांगला होता, आणि त्यात पलीकडच्या खोलीतले सगळे टिपले जायचे. अण्णांना स्वतःला ते ऐकू जात नसे. वीस वर्षे कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या गोंगाटात, काढलेल्या माणसाचे कान जसे होतात तसे त्यांचे झाले होते, आणि कानातले यंत्र ते चित्रीकरणाआधी आवर्जून काढून ठेवत, कारण फोटोत ते बरे दिसत नाही असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे आई आतून दुरुस्ती करायची, अण्णा आपल्या ओघात पुढे जायचे, आणि ती दुरुस्ती ऐकणारी मी एकटीच, तीही कपाळाला आठ्या घालून. मी एकदोनदा उठून स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले. ते दार बंद होतानाचा आवाजही माइकने टिपला आहे.

हे चित्रीकरण सुरू व्हायला कारण झाले थोरल्या चुलत्यांचे जाणे. ते गेल्यावर त्यांचा म्हणून जो फोटो भिंतीवर लावला तो रेशनकार्डावरून मोठा करून घेतलेला होता, आणि त्यांचा आवाज तर कोणाच्याच जवळ नव्हता. अण्णांचे तसे होऊ द्यायचे नाही, असे मी ठरवले. एखादे काम हाती घेतले की आधी त्याविषयी वाचत सुटायचे ही माझी खोड आहे, म्हणून मी वाचले. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या साक्षी चित्रफितींवर नोंदवण्यासाठी स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये जी संस्था सुरू केली, तिच्याकडे पन्नास हजारांहून अधिक मुलाखती आहेत. तिथली पद्धत मला पटली. माणसाला त्याचे आयुष्य पहिल्यापासून सांगू द्यायचे, आणि अगदी शेवटी घरच्या माणसांना त्याच्या शेजारी बसवून जुने फोटो कॅमेऱ्यासमोर धरायचे. मीही तसेच करायचे ठरवले. शेवटच्या रविवारी फोटो काढले, अण्णांच्या शेजारी खुर्ची मांडली, आणि आईला हाक मारली. ती आली नाही. "माझं काय काम तिथं? पोळ्या राहिल्यात," म्हणाली. मी फार आग्रह केला नाही. चित्रफितीत ती रिकामी खुर्ची तशीच दिसते.

पहिला रविवार वाया गेला. "अण्णा, तुमच्या बालपणाविषयी सांगा," असे मी म्हटले, आणि त्यांनी गेटसभेत उभे राहिल्यासारखे भाषण केले. परिस्थिती गरिबीची होती, शिक्षणाची आवड होती, पण काळाने साथ दिली नाही. हे वाक्य कोणाच्याही वडिलांचे असू शकते. शिवाय मध्येच फोन आला आणि चित्रीकरण बंद पडले, ते आम्हा दोघांनाही पुढची वीस मिनिटे कळले नाही. तेव्हापासून फोन एअरप्लेन मोडवर टाकणे, पंखा बंद करणे, पाठीमागे खिडकी येणार नाही अशी खुर्ची फिरवणे, या गोष्टी मी शिकले. मात्र त्याहून महत्त्वाचे असे शिकले की मोठा प्रश्न विचारायचाच नाही. दुसऱ्या रविवारी मी विचारले, "गावच्या घराचं दार कुठल्या बाजूला होतं?" अण्णा सावरून बसले आणि त्यांनी हातांनी हवेत घर बांधायला घेतले. पाटण तालुक्यातले डोंगराच्या कुशीतले घर, दगड आणि मातीच्या भिंती, पूर्वेला दार, दाराची कडी वर, इतकी उंच की लहान मुलाचा हात पोचू नये, मग ओसरी, तिच्यामागे माजघर, माजघराच्या कोपऱ्यात जाते, आणि जात्याच्या अंगाला बायकांच्या निजायच्या जागा. ओसरीवर पुरुष. हा सगळा नकाशा त्यांनी सात मिनिटे बोलून उभा केला.

त्यानंतर गिरणी आली. १९६२ साली अठराव्या वर्षी ते मुंबईला आले, काळाचौकीला गावकीच्या खोलीत पथारी टाकली, वर्षभर बदली कामगार म्हणून सकाळी गेटवर उभे राहिले आणि मग एका जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने साचेखात्यात लागले. इथपर्यंतची हकीकत गिरणगावातल्या कुठल्याही घरात मिळेल. अण्णांच्या चित्रफितीत खरे पाहण्यासारखे आहेत ते त्यांचे हात. मागावर सूत इकडून तिकडे नेणारा धोटा कसा धरायचा, त्यातली सुताची कांडी संपत आली हे नजरेने कसे ओळखायचे, नवी कांडी घालून तिचे सूत धोट्याच्या भोकातून कसे काढायचे, हे सांगताना ते रिकामी मूठ तोंडापाशी नेतात आणि ओठांचा चंबू करून श्वास आत ओढतात. सूत तोंडाने ओढून घ्यायचे. दिवसभरात कितीदा ते त्यांनी मोजलेले नव्हते. साच्यांच्या गोंगाटात शब्द ऐकू जाणे शक्यच नसल्याने कामगार खुणांनी बोलायचे, त्या खुणाही त्यांनी करून दाखवल्या. जॉबर येतोय, तंबाखू आहे का, पाळी सुटल्यावर भेट. आयुष्यभर ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी आम्ही घरात ओरडून बोलत आलो, आणि त्यांच्याजवळ बिनआवाजाची एक सबंध भाषा आहे हे मला माझ्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

त्या तोंडाने ओढायच्या सुताला आणखी एक बाजू आहे. दुसऱ्याच्या थुंकीचा धोटा तोंडाला लावावा लागतो हे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे जिथे मजुरी चांगली होती तिथेच, घेतले जात नसे, आणि १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला होता. मी अण्णांना त्याविषयी विचारले. "आमच्या वेळंला तसलं काय राहिलं न्हवतं," असे ते झटकन म्हणाले आणि बोनसच्या विषयाकडे वळले. आतून आवाज आला: "तसं न्हवतं ते. खानावळीच्या ताटांचं सांगा की." अण्णांना तो ऐकू गेला नाही, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. आमची आई १९७१ साली मुंबईला आली आणि वर्षभरातच तिने दहा बाय बाराच्या खोलीत बाराजणांची खानावळ सुरू केली होती. त्यातली दोन ताटे वेगळ्या फळीवर का असायची, हे मी तिला विचारायला पुढची पाच वर्षे घेतली.

१९८२च्या गिरणी संपाविषयीचे चित्रीकरण सर्वांत लांब आहे, आणि खरे सांगायचे तर सर्वांत कंटाळवाणे. १८ जानेवारी १९८२ ही तारीख, सुमारे अडीच लाख कामगार, संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभा, मान्यताप्राप्त युनियन आणि तिलाच कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क देणारा तो १९४६चा कायदा, हे सगळे अण्णा पाठ असल्यासारखे सांगतात. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, हे ते तीनदा सांगतात, आणि तिन्ही वेळा बोट वर करतात. पण संपाच्या दुसऱ्या महिन्यात घरात काय शिजत होते, या माझ्या प्रश्नाला त्यांचे उत्तर एका वाक्याचे आहे: "भागत व्हतं." कसे भागत होते हे सांगू शकणारी व्यक्ती आत पोळ्या लाटत होती. जेवणाऱ्या बाराजणांचा पगार बंद झाल्यावर खानावळीचे काय होते, याचा हिशेब तिच्याकडे होता. मी मात्र कॅमेरा फिरवला नाही, कारण हे चित्रीकरण अण्णांचे होते.

आता भूकंपाविषयी. आमच्या घरात ही गोष्ट आम्ही भावंडे लहानपणापासून ऐकत आलो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे आमच्याच पाटण तालुक्यातल्या कोयनेला भूकंप झाला तेव्हा अण्णा तिसऱ्या पाळीला साच्यावर होते. साचेखात्यातली जमीन एरवीही हादरतच असते, मग ती जास्त हादरली हे कळणार कसे? कोणालाच काही कळले नाही. मग एकाएकी वीज गेली, शेकडो साचे एका दमात थांबले, आणि त्या काळोखात, जन्मात कधी न ऐकलेल्या शांततेत, पायाखालची जमीन चालूच राहिली. अण्णांचे वाक्य असे आहे: "साचं थांबलं, पर जमीन थांबली न्हाई." चित्रफितीत ते हे सांगण्याआधी खुर्चीच्या वेताच्या हातावर दोन्ही हातांच्या बोटांनी साच्याचा ठेका धरतात, खटक-फटक, खटक-फटक, बराच वेळ, आणि मग बोटे एकदम उचलतात. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही नटाने इतका नेमका थांबा घेतलेला मला आठवत नाही.

त्या थांब्यात आईचा आवाज येतो. "तसं न्हवतं ते." आणि या एकाच ठिकाणी, सगळ्या अकरा तासांत या एकाच ठिकाणी, अण्णा स्वयंपाकघराच्या दिशेने पाहतात, तांब्यातले पाणी पितात, आणि मग वाक्य पुरे करतात.

अण्णा २०२२ मध्ये गेले. तेराव्याला पाहुणे जमले तेव्हा भाच्याने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्यांनी भूकंपाची गोष्ट अण्णांच्याच तोंडून ऐकली. तेव्हापासून आमच्या घरात ती गोष्ट दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने सांगितली जात नाही. अण्णा जिवंत असताना ती दरवेळी थोडी वेगळी असायची. कधी त्यात शेजारच्या साच्यावरचा कोणी देवाचे नाव घ्यायचा, कधी जॉबर रडायचा, आणि एकदा, बहिणीच्या लग्नात, ते गावकीच्या खोलीत झोपलेले होते आणि भिंतीवरचा आरसा पडल्याने जागे झाले, असेही त्यांनी सांगितल्याचे मला आठवते. आता तसे होत नाही. चित्रफितीने एक गोष्ट जपली आणि तिच्या बाकीच्या बहिणी मारून टाकल्या. भाच्याने शाळेच्या प्रकल्पात ती लिहिली, आणि ठेक्याच्या जागी कंसात 'येथे आजोबा बोटे वाजवतात' असेही लिहिले.

गेल्या वर्षी मी सगळे चित्रीकरण शब्दशः उतरवून काढायला बसले. ७० जीबीचा तो ऐवज दोन हार्डडिस्कवर आणि एक प्रत बहिणीकडे, अशी व्यवस्था केली होती, पण डिस्क कधी ना कधी बंद पडतेच आणि कागद टिकतो, असे मला वाटते. हे काम फार हळू चालते. एका तासाच्या बोलण्याला माझे चार-पाच दिवस जात. ते करताना पहिली शरमेची गोष्ट कळली ती माझ्या आवाजाविषयी. अण्णा शब्द शोधत थांबले की मी तो पुरवत असे, आणि ते बहुधा माझाच शब्द उचलून पुढे जात. दुसरी गोष्ट म्हणजे आईचे तीन शब्द मी एकूण एकोणतीस वेळा लिहिले. तोवर मी ते कटकट समजत होते. कागदावर आल्यावर ते एखाद्या नाटकातल्या दुसऱ्या पात्राच्या संवादांसारखे दिसू लागले, आणि भूकंपापाशी मी अडले.

तारीख तपासायची म्हणून मी जुने कॅलेंडर काढले. ११ डिसेंबर १९६७ हा सोमवार होता. भूकंप झाला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. अण्णांच्या गिरणीला सुट्टी रविवारची, आणि रविवारच्या रात्री तिसरी पाळी नसायची, सोमवारी सकाळी सातलाच पहिला भोंगा व्हायचा, हे त्याच चित्रीकरणात, चौथ्या रविवारी, स्वतः अण्णांनीच सांगितलेले आहे. म्हणजे त्या पहाटे साचे चालू नव्हते. मी त्या कागदाकडे पाहत बसले. मग उठून आईपाशी गेले. ती ताटात तांदूळ घेऊन निवडत होती.

"आई, भूकंपाच्या रात्री अण्णा कुठं होते?"

तिने मान वर केली नाही. "गावाला," म्हणाली. "देवदेव व्हता घरी. दोन रात्रीसाठनं आलतं."

मी विचारले, "बोलशील का जरा सविस्तर? फोन लावते." तिने हाताने खूण केली. लावायचा तर लाव, असा तिचा मी अर्थ घेतला. मी तिला खुर्चीत बसायला सांगितले नाही, पंखा बंद केला नाही, माइक लावला नाही. फोन डब्याला टेकवून ठेवला. त्यामुळे नऊ मिनिटांच्या त्या चित्रफितीत तिचा चेहरा अर्धाच येतो, आणि ताट सबंध येते. मुळशी-मावळच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यांच्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत. माणसाला सांगता येत नाही ते बायका दळताना जात्याला सांगत आल्या, असे आपण म्हणतो. आमच्या आईचे जाते १९७१ साली गावीच राहिले. तिच्यासमोर त्या दिवशी तांदूळ होते.

तिने सांगितले ते असे. अण्णा ओसरीवर निजले होते, त्यांच्याशेजारी आजोबा. आई माजघरात जात्यापाशी. तिला सहावा महिना होता. आधी कुत्री ओरडली, मग भांडी वाजली, मग मागची भिंत आत आली. त्या पट्ट्यातली दगडमातीची घरे अशीच बसली आणि त्या पहाटे पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. अण्णांनी उठून वरची कडी काढली आणि ते पळाले. पार खालच्या बांधापर्यंत. आजोबा अंधारात आत शिरले, त्यांनी आईच्या पायावरचे दगड काढले आणि तिला ओढून ओसरीवर आणले, तेवढ्यात तुळई सरकली आणि त्यांच्या डोक्याला खोक पडली. अण्णा परत आले तेव्हा दोघेही अंगणात होते, आणि आजोबांच्या डोक्याला आईचा पदर बांधलेला होता.

"मग आजोबा काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात? कायबी न्हाई. कुनीच कायबी न्हाई म्हणालं. तिसऱ्या दिशी हे मुंबईला गेलं. चार महिन्यांनी आलं ते ह्या साच्याची गोष्ट घेऊनच आलं." तिने एक खडा काढून जमिनीवर ठेवला. "तिकडं कुनाची तरी ऐकली असंल. झोपेतनं उठल्यालं माणूस पळतं गं. तेवीस वर्षांचं पोर व्हतं. त्यात काय एवढं."

"मग तू सारखं तसं न्हवतं ते, तसं न्हवतं ते, का म्हणायचीस?"

यावर ती जरा थांबली. चित्रफितीत हा थांबा सतरा सेकंदांचा आहे. "त्यांनला ऐकू येत न्हवतं म्हणून," ती म्हणाली.

हे लिहू का, असे मी तिला विचारले. नाव घालू नकोस, एवढेच तिने सांगितले, आणि गावाचेही घालू नकोस, तालुका चालेल. भाच्याला अजून काही सांगितलेले नाही. त्याच्या प्रकल्पाला शाळेत बक्षीस मिळाले आहे. अण्णांच्या फोल्डरमध्ये आईची नऊ मिनिटे ठेवावीत की तिचे वेगळे फोल्डर करावे, हेही माझे ठरत नाही. तूर्त ती तारखेच्या नावाने डेस्कटॉपवर पडून आहेत. तिच्याकडून खानावळीचे, ताटांचे, संपातल्या दुसऱ्या महिन्याचे असे आणखी चार तास मी घेतले आहेत, सगळे काहीतरी निवडताना, सोलताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना. तिला खुर्चीत बसवले की ती दोन वाक्यांत संपवते.

मागच्या आठवड्यात तिने स्वतःहून अण्णांची भूकंपाची फीत टीव्हीवर लावायला सांगितली. तेराव्यानंतर ती तिने पाहिली नव्हती. मी तिच्याकडेच पाहत होते. अण्णांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला, बोटे उचलली, आणि तिचा स्वतःचा आवाज टीव्हीतून आला तेव्हा ती हसली. "केवढ्यांदा बोलते मी," म्हणाली. अण्णांनी स्वयंपाकघराकडे पाहिले, पाणी प्यायले, वाक्य पुरे केले. फीत संपली. आईने रिमोट माझ्या हातात दिला.

"मागं घे जरा," ती म्हणाली. "ते साचं वाजवत्यात तिथनं लाव."